खेंच नक्को, बिठा

थोरलीचा पुण्याहून फोन आला. "बाबा, स्टॉलवर लोक विचारतात, ही तारेची पेंडंट करणारे सोनार कुठले? काय सांगू?" म्हटलं, सांग की मोटारी भरणारा आहे. ती हसली आणि म्हणाली, "मग तुम्हीच एकदा नीट लिहून द्या." म्हणून हा उद्योग.

तर मी सोनार नाही. पैठणला माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीतली, बोअरवरची मोटार जळाली की शेतकरी ती माझ्याकडे भरायला टाकतो. जळकी तार काढायची, स्लॉट म्हणजे तार बसायच्या खाचा साफ करायच्या, लेदराइडचा इन्सुलेशन पेपर घालायचा, नवी कॉइल बसवायची, वॉर्निश मारायचं. चौतीस-पस्तीस वर्षं हेच केलं. आता चष्म्याचा नंबर वाढलाय आणि पावसाळ्यात मोटारी कमी येतात, त्या रिकाम्या वेळात मी गोदावरीतल्या खड्यांना तार गुंडाळून पेंडंट करतो. भोक नाही, डिंक नाही, डाग देणं नाही. नुसती तार.

हे खूळ 2020 च्या लॉकडाऊनमध्ये घरात शिरलं. थोरली घरी आलेली. शेतीच्या मोटारी म्हणून माझं दुकान अर्धा दिवस उघडं असायचं. ती फोनवर कुठल्या तरी परदेशी बाईचे व्हिडिओ बघायची आणि एक दिवस दुकानात येऊन म्हणाली, "बाबा, वीस गेजची तांब्याची तार आहे का?" रिवायंडिंगवाल्याच्या दुकानात येऊन तांब्याची तार आहे का विचारणं म्हणजे कीर्तनकाराला टाळ आहेत का विचारण्यासारखं. वीस नंबरच्या रिळातून दहा हात तोडून दिली. (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा नंबर, नंबर मोठा तितकी तार बारीक.) दोन दिवसांनी बोटांना चिकटपट्ट्या लावून परत आली. तार वळत नाही, व्हिडिओतली बाई कशी लोण्यासारखी वळवते.

मी तिचा व्हिडिओ बघितला. बाईची तार माझ्या तारेपेक्षा बारीक होती, हे लगेच दिसलं. मायक्रोमीटर नसला तरी माझ्या नजरेला अर्ध्या नंबरचा फरक कळतो. मग खालचं वाचलं तेव्हा उलगडा झाला. ती अमेरिकन गेजमधली वीस. आपल्याकडं रिवायंडिंगमध्ये सगळा कारभार ब्रिटिश गेजवर चालतो. आपली 20 नंबर म्हणजे 0.914 मिलिमीटर. त्यांची 20 म्हणजे 0.81, म्हणजे आपली 21. त्यांची 18 ती आपली 19. त्यांची 24 ती आपली 25. आणि बांधायची जी बारीक 28 सांगतात, तिला आपल्याकडं 30 नंबर मागायची. हे कुणी सांगत नाही आणि नवी पोरं जाड तारेशी कुस्ती खेळून हा नाद सोडून देतात. तुमच्या गावात दागिन्यांच्या सामानाचं दुकान नसेल तर रिवायंडिंगवाल्याकडं जा, पण नंबर बदलून मागा. पाव किलो सहसा कुणी तोडून देत नाही, रिळाच्या तळाशी उरलेली तार मागा. ती आम्ही असंच कुठं तरी टाकलेली असते.

तिला करून दाखवायला म्हणून मी बसलो, आणि ती पुण्याला परत गेली तरी माझं बसणं सुरूच राहिलं.

माझा हात बसला तो 1988 साली औरंगाबादेत, शहागंजात. तिथले उस्ताद पंखे आणि मिक्सर भरायचे. पंख्याची तार 36 नंबर, केसासारखी. सतरा-अठरा वर्षांचं पोर, अंगात जोर, मी ती तार ताणून ताणून भरायचो. उस्ताद मागं उभे राहून म्हणायचे, "खेंच नक्को, बिठा." तार ओढायची नसते, बसवायची असते. त्यांनी कारण सांगितलं नव्हतं, ते पुढं कळलं. तांब्याची तार ओढली की ती लांबते आणि बारीक होते. जाडी पाच टक्क्यांनी घटली तर आतला पिंड, म्हणजे काटछेदाचं क्षेत्रफळ, जवळजवळ दहा टक्क्यांनी घटतो. तेवढी तार जास्त तापते, वरचं इनॅमल (वीज अडवणारा लेप) तडकतं, आणि सहा महिन्यांत मोटार परत दारात. ओढलेली कॉइल दिसायला मात्र चोख दिसते. ढिली बसवलेलीही चालत नाही, ती करंट आला की थरथरते आणि एकमेकीला घासून जळते. ओढ आणि ढील यांच्या मध्ये एक जागा असते. ती बोटाला कळते, सांगता येत नाही.

पेंडंटमध्ये तीच जागा शोधायची असते. तिथं जळणारं काही नाही एवढाच फरक.

आता खडे. लोकांना वाटतं मी जयपूरहून मागवतो. माझे खडे चाळणीवरचे. गवंडी गिलाव्यासाठी नदीची वाळू चाळतात, चाळणीवर जे बारीक गोटे राहतात ते बाजूला फेकतात. त्या ढिगात बसायचं. बरोबर पाण्याची बाटली ठेवायची. कोरडे असताना सगळे गोटे सारखेच मळकट दिसतात, पाणी मारलं की त्यातला एखादा जागा होतो. मधाच्या रंगाचा, दुधी, राखाडी, तर कधी कांद्याच्या पापुद्र्यासारख्या रेघांचा. उन्हात धरला तर कडेनं उजेड आरपार येतो. पुस्तकात ह्याला अगेट म्हणतात, जुन्या बोलीत अकीक, आम्ही लहानपणी सरसकट गारगोटी म्हणायचो आणि रात्री दोन गारगोट्या एकमेकींवर आपटून ठिणग्या पाडायचो. खात्री करायची तर चाकूचं टोक ओढा. चाकूची खूण पडत नाही, उलट खड्यावर लोखंडाची करडी रेघ उमटते. फुटक्या काचेवर खडा ओढला तर काचेला चरा पडतो. कठीणपणाच्या मोहस मापात अकीक सातच्या आसपास आहे, तांबं तीनच्या आसपास. म्हणून तारेनं खड्याला कधी ओरखडा येत नाही.

अलीकडं हे ढीग कमी झालेत. वाळू महाग झाली, बांधकामावर क्रश सँड आली. क्रश सँड म्हणजे खाणीतला काळा दगड दळलेला, त्यात चाळणीवर काही उरत नाही. वाळूचे ट्रक थांबले याचा मला नदीकाठचा माणूस म्हणून आनंदच आहे. खड्यांसाठी थोडं वाईट वाटतं, ते खोटं कशाला बोलू.

दुसरी जागा म्हणजे विहिरी. मोटार काढायला मी विहिरीवर जातो, तिथं खोदकामातला दगड काठावर पडलेला असतो. आपला सगळा दख्खन म्हणजे 6 कोटी 60 लाख वर्षांच्या आसपासचा लाव्हा. थरावर थर. लाव्ह्यातून वायूचे बुडबुडे निघताना जी भोकं राहिली, त्यांत पुढं लाखो वर्षं पाणी झिरपत राहिलं आणि खनिजं साचली. ज्या खडकात अशी भोकं फार, त्याला आमच्याकडचे विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात. मांजऱ्या लागला की पाण्याची आशा असते, आणि माझी खड्याची. सुरुंग लागला की त्यातून पांढरे, गुलाबी, कधी पाण्यासारखे नितळ स्फटिक निघतात. शेतकऱ्यांची पोरं ते खिडकीत मांडून ठेवतात. नाशिकला जाताना सिन्नरला गारगोटी नावाचं खास ह्याच दगडांचं संग्रहालय आहे, तिथं मी अर्धा दिवस काढला. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतला कॅव्हनसाइट तिथं बघितला. निळा असा, की मोरपिसाचा डोळा दगडात उतरलाय. कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकेट, ह्या तिन्हींची आद्याक्षरं जोडून नाव पडलंय. घेऊन तार गुंडाळावी असं मनात आलं आणि लगेच मनातून काढून टाकलं. त्याच्या सुया बोटानं दाबल्या तरी मोडतील.

हे शहाणपण मला आधीच्या एका नुकसानीनं आलेलं होतं. एका विहिरीवरच्या मालकानं मला अंगठ्याएवढा नितळ स्फटिक दिला होता, किंचित हिरवट झाक असलेला. आमच्या हिला तो फार आवडला. अपोफिलाइट. तेव्हा नाव माहीत नव्हतं, गुणही माहीत नव्हता. मी त्याला मोठ्या मायेनं चार पदरी तार घातली आणि शेवटची मुरड द्यायला नोजप्लायर दाबला, तर टक् असा आवाज आला. स्फटिकाचं वरचं टोक पोपडा निघावा तसं सपाट, गुळगुळीत निघून टेबलावर पडलं. ह्या दगडाला एका दिशेनं जन्मतःच फट असते. कुठं फोडू म्हणून तो वाटच बघत असतो. त्या दिवसापासून नियम केला, स्फटिक बघायला, अकीक बांधायला. ही अजून अधूनमधून त्या स्फटिकाची आठवण काढते, विशेषतः मी दुसऱ्या कुणाला पेंडंट फुकट दिलं की.

बांधतो कसा, ते सांगतो. समजा खडा सव्वा इंच लांब, पाऊण इंच रुंद, एका बाजूला थोडा फुगीर. 21 नंबरच्या चार तारा घ्यायच्या, प्रत्येक वीतभर. त्या आधी सरळ करायच्या. एक टोक पकडीत धरायचं आणि जुन्या सुती फडक्यातून तार दोन-तीनदा हलकेच ओढून घ्यायची. (हो, इथं ओढायची. उस्तादांच्या नियमालाही सवलत आहे.) चारही शेजारी शेजारी निजवायच्या आणि मधोमध 30 नंबरनं सहा वेढे घालायचे. वेढे एकमेकांना चिकटून हवेत, एकमेकांवर चढलेले नकोत. मग दोन्ही बाजूंना बोटभर अंतरावर असेच सहा-सहा. झाला पट्टा. त्याचा मध्य खड्याच्या तळाशी लावायचा आणि दोन्ही बाजू कडेकडेनं वर आणायच्या. इथं मी स्टीलचं हत्यार वापरत नाही. स्लॉटमध्ये तार दाबायला आमच्याकडं बांबूच्या कामट्या असतात, तीच कामटी इथं चालवतो. बांबू तारेला दाबतो पण खरवडत नाही.

वर आल्यावर आठ टोकं एकत्र येतात. ही खड्याची मान. मानेला पुन्हा 30 नंबरचे सात-आठ वेढे. त्याआधी मधल्या दोन तारा कडेवर राहू द्यायच्या, पुढची तार कामटीनं खड्याच्या तोंडावर घ्यायची, मागची पाठीवर. पुढची जितकी कमी तितका खडा दिसतो, मागची जितकी जास्त तितका खडा टिकतो. वरच्या आठांपैकी तीन टोकं स्क्रूड्रायव्हरच्या दांड्यावरून वळवून साखळीसाठी कडी करायची. उरलेल्यांची वेटोळी करायची, एखादं खड्याच्या गालावर सोडायचं. थोरली म्हणते दोन वेटोळी हवीत, मला एक पुरतं. जास्त झाली की दागिना जिलबीचं ताट दिसतो.

तांब्याची एक खोड ध्यानात ठेवायची. ते वाकवलं, ठोकलं की कडक होतं. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यावर हातोडीनं एकसारख्या खुणा पाडतात, त्याला मठारणं म्हणतात. शोभा तर येतेच, पण त्या ठोक्यांनी पत्राही ताठ होतो. तांबट मध्येच भांडं लाल तापवून पाण्यात बुडवतो, की तांबं परत मऊ. मला ती सोय नाही. माझ्या तारेवर इनॅमल आहे, तापवली की ते जळतं. म्हणून वाकवायचं ते एकदाच. तीच तार तीन वेळा उलटसुलट केली तर चौथ्या वेळी ती हातात राहते, अर्धी.

बांधून झालं की कानाजवळ हलवून बघायचं. खुळखुळलं तर खडा ढिला आहे. मग पाठीवरच्या तारेला नोजप्लायरनं मध्येच छोटीशी मुरड घालायची. मुरडीनं तार आखडते आणि खडा धरते. पुन्हा एकदा ओढून बांधण्यापेक्षा एक मुरड भारी. शेवटी हिच्या शिफॉनच्या जुन्या ओढणीवरून चारी बाजूंनी फिरवायचं. एक धागा जरी अडकला तरी टोक कुठं तरी उघडं आहे, ते आत दाबायचं. ही ओढणी आता पूर्ण विस्कटलीय, ती माझी सगळ्यात महत्त्वाची मोजपट्टी.

पाठीच्या तारेवर मी एवढं का बोलतो, त्याला कारण आहे. शेजारच्या सूनबाईला पहिल्या वर्षी एक पेंडंट दिलं होतं. नदीनं घासून अंड्यासारखा केलेला खडा, पाठीवर एकच तार. ती घालून ती भावाच्या लग्नाला गेली आणि पंगतीत खडा मागच्या बाजूनं सटकून वरणात पडला. तिनं सांगितलं ते हसत, पण मला दोन रात्री झोप नाही. मोटार जळून परत आली की वाटतं अगदी तसं. आता पाठीवर दोन तारांची कैची घालतो, चौकटीला दोन्हीकडं बांधलेली. त्यानंतर एकही खडा पडल्याचं ऐकलेलं नाही.

आता इनॅमलची गोष्ट, कारण सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच येतात. तांब्यानं गळा हिरवा होतो का? उघड्या तांब्यानं होतो, घामाचं आणि तांब्याचं मिळून ते हिरवं येतं, धुतलं की जातं. माझ्या तारेवर मोटारीसाठी दिलेलं इनॅमल तसंच असतं, त्यामुळं सहसा होत नाही. रंगही वर्षानुवर्षं कोऱ्या तारेसारखा राहतो. फक्त प्लायरच्या दातांनी ते खरवडतं, म्हणून दातांवर इन्सुलेशन टेप गुंडाळायची.

पण थोरलीला हवा होता काळपट, जुना दिसणारा रंग. त्याला म्हणे गंधकाचं एक रसायन लागतं, आणि ते नसेल तर उकडलेलं अंडं चालतं. अंड्याच्या बलकातून गंधकाचा वायू निघतो, बंद डब्यात त्यानं तांबं काळं पडतं. आमचं घर माळकरी. हिच्या गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडं आणायची सोय नाही, डब्यात घालायची तर नाहीच. मग दुकानासमोरच्या भुर्जीच्या गाडीवरून दोन उकडलेली अंडी घेतली, बलक गरम गरम कुस्करून वॉर्निशच्या धुतलेल्या डब्यात घातला, वरून दोऱ्याला पेंडंट टांगलं, झाकण लावलं. सकाळी उघडलं. दुकानभर वास, आणि पेंडंट जसंच्या तसं, चकचकीत. गाडीवाला म्हणाला, "मामा, कच्चं वापरायचं असेल." अंड्याची चूक नव्हती. पस्तीस वर्षं जे इनॅमल तारेला वाचवतं म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगत आलो, त्यानं अंड्यापासूनही वाचवलं होतं. दुसऱ्या वेळी आधी तार पॉलिश पेपरनं घासून उघडी केली. मग एका रात्रीत गडद तपकिरी आली, भांडी घासायच्या तारेच्या घासणीनं वर वर पुसलं की उंचवटे लाल आणि खाचा काळ्या. देखणं होतं, कबूल आहे. हिला अजून वाटतं ती वॉर्निशची करामत आहे. ती ब्लॉग वाचत नाही.

खडे मी फारसे घासत नाही. नदीनं जेवढं केलं तेवढं पुष्कळ. अगदीच खडबडीत असेल तर पाण्याखाली धरून, ओल्या पॉलिश पेपरवर. ग्राइंडरवर कोरडा कधीच नाही, आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकानं ऐकावं. गुजरातेत खंभातला अकीक घासायचा धंदा फार जुना. तिथल्या कित्येक कारागिरांची छाती ह्याच धुळीनं गेली, सिलिकोसिसनं. धूळ एवढी बारीक की दिसत नाही, आणि एकदा फुप्फुसात बसली की कुठलंही औषध ती काढत नाही. एका पेंडंटसाठी एवढं मोल नको.

खंभातचं नाव निघालं म्हणून. इथल्या शाळेतले इतिहासाचे एक सर मोटार भरायला घेऊन आले होते, टेबलावरचे खडे बघून थांबले. म्हणाले, हे पैठणचं जुनं दुकान तुम्ही परत उघडलंत. पेरिप्लस नावाचं एक ग्रीक भाषेतलं व्यापारी टिपण आहे, इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं. त्यात लिहिलंय की भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, आणि तिथून असल्याच जातीचे दगड भरपूर प्रमाणात गाड्यांवरून भडोचला येतात. तगरहून, म्हणजे आपल्या तेरहून, कापड. मी पैठणीचं ऐकून होतो, पैठणचे संत ऐकून होतो. पण गवंडी ज्याला चाळणीवरून फेकतो त्या गोट्यासाठी सातवाहनांच्या काळात बैल वीस दिवस चालत होते, हे ऐकून मी त्या दिवशी सरांच्या मोटारीचे दोन टर्न चुकीचे मोजले. पुन्हा उलगडून भरावे लागले.

हे तारेचं काम परदेशी आहे असं थोरली सुरुवातीला म्हणायची. मी आईची नथ काढून तिच्यापुढं ठेवली. बघ, म्हटलं. मोत्यातून गेलेली सोन्याची तार, वर बारीक तारेचे वेढे, खाली आकडा. मोती तारेनंच एकमेकांना धरून बसलेत. त्या नथीचा एक वेढा सुटला होता, तो मी भिंग लावून बसवला. तारेला हात लावण्याआधी आईला विचारलं. ती म्हणाली, "मोटार समजू नको म्हणजे झालं."

पैशाचं सांगतो, लोक विचारतात आणि लाजतात. एका पेंडंटला साधारण पाच ग्रॅम तार जाते. कोरी तार किलोला हजाराच्या वर आहे, म्हणजे तांब्याचे पाच-सहा रुपये. खडा फुकट. वेळ अडीच तास. इथं मी साडेतीनशेला देतो, पुण्यात थोरली सहाशेला विकते आणि वर मला ऐकवते की बाबा तुम्ही धंदा बिघडवता. जळक्या तारेचं करा, स्वस्त पडेल, असं सुचवणारेही भेटतात. करून बघितलंय. जळलेली तार मऊ असते खरी, पण शॉर्ट झालेल्या जागी तिला खड्डे आणि वितळलेले मणी असतात, नेमकी तिथंच ती तुटते. ती भंगारात बरी.

आणि राशीचं विचारू नका. कुठल्या राशीला कुठला, शनीला कुठला, झोप लागायला कुठला. मला माहीत नाही, आणि माझ्या खड्याला तर अजिबातच माहीत नाही. एका ताईंनी हट्टच धरला तेव्हा सांगितलं, हा खडा एवढंच करतो की गळ्यात राहतो, तेवढ्याची मी गॅरंटी देतो. त्यांनी दोन घेतले.

ह्या वर्षीच्या नाथषष्ठीची गोष्ट सांगून थांबतो, दुकान उघडायचंय. षष्ठीच्या गर्दीत पैठणला पाय ठेवायला जागा नसते. दुपारी एक म्हातारे वारकरी दुकानात आले, उपरण्यात काहीतरी बांधलेलं. तुळशीची माळ होती, तांब्याच्या तारेत मणी गुंफलेली, दोन जागी तुटलेली. गर्दीत कुणाचा तरी पिशवीचा बंद अडकला म्हणे. मी म्हटलं, ठेवा, संध्याकाळी घ्या, तोवर बसा, पाणी घ्या. ते पाण्याकडं बघत उभे राहिले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. माळ गळ्यात नाही तोवर पाणी नाही. सकाळपासून नसेल.

हातातली पाच एचपीची मोटार तशीच उघडी टाकली. त्यांची तार 25 नंबरची निघाली, झिजलेली, काळी पडलेली. माझ्याकडं 25 होती. सात मणी सुटले होते. तुळशीचा मणी म्हणजे अकीक नव्हे, जरा जास्त ओढलं की उभा चिरतो. एकेका मण्यातून तार घालायची, दोन्हीकडं बारीक कडी वळवायची, कडीत पुढची कडी. इनॅमल खरवडून टाकलं, माळेला उघडं तांबंच असू दे म्हटलं. वीस मिनिटं लागली असतील. बाहेर टाळ चाललेले, ते मात्र काउंटरला टेकून माझ्या बोटांकडं बघत होते.

माळ गळ्यात घातली, हात जोडले, मग तांब्या उचलून घटाघटा पाणी प्याले. तोंड पुसून उघड्या मोटारीकडं बोट दाखवून म्हणाले, "माझी तीन एचपीची आहे गावाकडं. बटण दाबलं की नुसती घरघर करते, उठतच नाही."

म्हटलं, "एक फेज गेला असेल, आधी फ्यूज बघा."